अडकलेले बेल हाउसिंग आणि गिअरबॉक्सचा जॅक : वापरानंतरचा अभिप्राय

जुन्या गाडीचा क्लच बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवायला घेतला आणि सगळे बोल्ट निघाल्यानंतरही बेल हाउसिंग (गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारे, क्लचवरचे घंटेच्या आकाराचे कवच) इंजिनाला धरूनच राहिले. त्या कामासाठी मी गिअरबॉक्स उतरवण्याचा खास जॅक विकत घेतला. कमी उंचीचा, हायड्रॉलिक, ५०० किलो क्षमतेचा आणि वरची पाटी दोन्ही दिशांना कलवता येणारा असा हा प्रकार आहे. गिअरबॉक्स एकदा उतरवून आणि एकदा पुन्हा चढवून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

हाउसिंग नेमके कशामुळे अडकते, हे समजल्याशिवाय या जॅकचे मोल कळणार नाही. इंजिन आणि हाउसिंग एका रेषेत बसावे म्हणून त्यांच्यामध्ये पोलादी डॉवेल पिना असतात, आणि हाउसिंग ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे असेल तर ओलाव्यामुळे या दोन धातूंच्या सांध्यात अ‍ॅल्युमिनियम क्षरू लागते. त्यातून तयार होणारा पांढरा थर मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो आणि पिनेला चहूबाजूंनी आवळून धरतो. माझ्या गाडीत उजवीकडची पिन मोकळी होती, डावीकडची धरलेली होती. त्यामुळे उजवीकडे तीन मिलिमीटरची फट पडली, डावीकडे मात्र फट मोजायची पातळ पट्टी, म्हणजे फीलर गेजही आत जाईना.

सुरुवातीला मी साध्या ट्रॉली जॅकवर लाकडी फळी ठेवून काम केले, आणि चूक तिथेच होती. ट्रॉली जॅकची बशी गोल व लहान असते. वर चढताना तिचा हात कमानीत फिरत असल्यामुळे ती मागेपुढेही सरकते. गिअरबॉक्सचे शेपूट थोडे जरी खाली झुकले तरी हाउसिंग तिरके होते आणि पिन छिद्रात आणखी घट्ट रुतते. तीन दिवस गंज सोडवणारे तेल मुरवूनही उपयोग झाला नाही, कारण गंजाच्या जोडीला गिअरबॉक्सचे स्वतःचे वजनच पिनेला दाबून धरत होते.

नवा जॅक खाली सरकवून साखळीने गिअरबॉक्स बांधला, गिअरबॉक्सला मागून आधार देणारी घोडी काढली आणि कलाचे स्क्रू पाव-पाव फेऱ्यांनी फिरवत दोन्ही बाजूंच्या फटी मोजत गेलो. उजवीकडची फट कमी होऊन दोन्हीकडचे माप जुळत आले, तेव्हा डाव्या पिनेभोवतीचा भाग हीट गनने तापवला. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. तरीही १२ मिलिमीटरच्या छिद्राचा व्यास तापमान ८० अंशांनी वाढल्यावर जेमतेम ०.०२ मिलिमीटरने वाढतो. एवढ्याशा सवलतीचा फायदा घ्यायचा तर वजन सरळ रेषेतच हवे. (सांध्यात तेल मुरलेले असते आणि जवळून पेट्रोलची नळी जाते, म्हणून तिथे ज्योत अजिबात वापरू नये.) नंतर लाकडी पाचरी दोन्हीकडून आलटून पालटून हलकेच ठोकल्या. चौथ्या फेरीला कोरडा, करकरीत आवाज आला आणि डावी बाजू सुटली. पिनेवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर होता. हाउसिंगच्या कडेवर मात्र एकही ओरखडा नव्हता. स्क्रू ड्रायव्हर किंवा छिन्नी घालून फट उघडली असती तर ती कड नक्कीच खराब झाली असती, आणि जुन्या गाडीचे हाउसिंग पुन्हा मिळवणे सोपे नसते.

जॅकमध्ये दोष नाहीत असे नाही. साखळी आखूड आहे, त्यामुळे रुंद गिअरबॉक्सला ती जेमतेम पुरते. चाके लहान असल्यामुळे खडबडीत जमिनीवर ती अडतात आणि नेमके अर्धा सेंटिमीटर सरकवायचे असते तेव्हा धक्का बसतो; मी खाली जाड प्लायवूड अंथरले. कमी उंचीचा म्हटला तरी पाटी पूर्ण खाली आणल्यावरही जॅकची उंची बरीच राहते, म्हणून गाडी नेहमीपेक्षा उंच स्टँडवर चढवावी लागली. तेल सोडण्याचा व्हॉल्व्ह मात्र उत्तम आहे. भार मुंगीच्या पावलाने खाली येतो आणि इनपुट शाफ्ट (क्लचमधून गिअरबॉक्सला गती देणारा दांडा) क्लच प्लेटच्या खाचांमधून बाहेर येईपर्यंत गिअरबॉक्स त्या शाफ्टवर लटकत नाही.

आयुष्यात एकदाच गिअरबॉक्स उतरवणार असाल तर हा जॅक भाड्याने घ्यावा. जुनी गाडी स्वतः सांभाळणाऱ्याने मात्र तो विकत घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गिअरबॉक्स परत चढवताना तर त्याचा अधिकच उपयोग झाला. पिना घासून, त्यांवर तांब्याच्या ग्रीसचा पातळ हात फिरवून, कल इंजिनाच्या कलाशी जुळवला, तेव्हा हाउसिंग हाताच्या दाबाने पूर्ण आत बसले आणि बोल्टांनी ओढून घेण्याची वेळच आली नाही.