घडीचा ॲल्युमिनियम वॉकर: कोल्हापूरच्या घरात कसा चालतो

गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला घरात चालतं करायला बिनचाकी, घडीचा वॉकर उत्तम. वजन अडीच-तीन किलो, म्हणजे आजीबाईंनाही उचलून पुढं ठेवता येतो. पण बऱ्याच दुकानांत तो पिशवीतून काढून तसाच हातात देतात, आणि गडबड तिथेच होते.

उंची दुकानातच लावून घ्या. घरात घालायची चप्पल पायात, उभं सरळ, हात सैल सोडलेले: वॉकरची धरायची मूठ मनगटाच्या घडीशी आली पाहिजे. मग धरल्यावर कोपर साधारण २० ते ३० अंशात वाकतं. वॉकरच्या चारही पायांची उंची लावायची बटणं सारख्याच भोकात, टिक करून पूर्ण बाहेर आलीत का, हे बोटानं चाचपून बघा. वॉकर उंच राहिला तर खांदे कानाला लागतात, बुटका राहिला तर माणूस वाकून चालतो आणि कंबर धरते.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे वॉकरच्या पायांचे रबरी बूट. तळाचे गोल कंगोरे झिजून गुळगुळीत झाले की ओल्या शहाबादी फरशीवर वॉकर सर्रकन सरकतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात फरशी वाळते कधी? कधी वॉकरच्या पायाच्या नळीची कड बूट आतून कापत जाते, बाहेरून तो धडच दिसतो. म्हणून महिन्यातून एकदा काढून आत बघा. आत लोखंडी चकती असलेला बूट जास्त टिकतो. बदलायचे तर चारही एकदम, आणि मापाला जुना बूट सोबत न्या.

चालताना आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. वॉकर हातभरापेक्षा लांब टाकू नका. पेठेतल्या जुन्या घरात उंबरठा उंच असतो. तिथं दोन पाय आत, दोन बाहेर असा ठेवला की डुगडुगतो. न्हाणीचं दार दोन फुटी असेल तर वॉकर आडकतो, तेव्हा विकत घेण्याआधी दार मोजा. आणि कोल्हापुरी चप्पल आपली लाडकी असली तरी चामड्याचा गुळगुळीत तळ आणि मोकळी टाच वॉकरबरोबर नको. मागं पट्टा असलेली रबरी तळाची घ्या.

खुर्चीतून उठताना वॉकर ओढून उठू नका, तो अंगावर येतो. हात खुर्चीवर दाबून उठा, मग मूठ धरा. जिन्यावर हा वॉकर वापरायचाच नाही. कठड्याला धरून चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

पुढच्या दोन पायांना चाकं असलेला प्रकार उचलायची ताकद नसलेल्यांना बरा. पण उतारावर तो पुढं पळतो, म्हणून अंगणाला उतार असेल तर बिनचाकीच घ्या. पुढच्या दांडीला भाजीची जड पिशवी अडकवली तर दोन्ही प्रकार पुढं कलंडतात. मोबाईल आणि गोळ्यांपुरती छोटी पिशवी चालेल.