घोड्याचा खुराक: पावडर द्यावी की कांडी?

हिरवा चारा आटायला लागला की घरी एक-दोन घोडे बाळगणाऱ्यांचे फोन सुरू होतात, ‘पावडर चालू करू का कांडी?’ म्हणजे दाण्याबरोबर द्यायची खनिजं-जीवनसत्त्वं भुकटीच्या रूपात द्यावीत की दाबून केलेल्या कांड्यांच्या (पेलेट). प्रश्न रास्त आहे. गवत वाळलं की त्यातलं ई जीवनसत्त्व आणि कॅरोटीन झपाट्यानं उतरतं आणि नुसत्या दाण्यावर ती तूट भरून निघत नाही. डब्यावरच्या लांबलचक यादीला मात्र भुलू नका. क जीवनसत्त्व घोडा स्वतःच्या यकृतात बनवतो, ब गटातली बरीचशी त्याच्या आतड्यातले जिवाणू बनवतात. तांबं, जस्त, सेलेनियम, ई जीवनसत्त्व आणि सगळ्यात आधी कॅल्शियम-फॉस्फरसचा मेळ, एवढं नीट असलं तरी पुष्कळ झालं.

आमच्याकडे दोन काठियावाडी घोड्या आहेत, सोलापूर जिल्ह्यात. आधी पावडर होती, आता कांडी आहे. पातळ टॉनिकंही मिळतात. आजारातून उठलेल्या जनावराला डॉक्टर देतात तेव्हा ती ठीक, रोजच्या खुराकात मी ती धरत नाही.

पावडरीच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. स्वस्त पडते, डबा फडताळात मावतो, माप तीस-चाळीस ग्रॅमचं असतं. घोडं आधीच अंगानं भरलेलं असेल तर पोटात फुकटचा दाणा न घालता खनिजं देता येतात. पावसाळ्यात झाकण घट्ट लावलं की निभावतं. कागदावर तोलली तर पावडरच जिंकेल, हे मी मोकळेपणानं मान्य करतो.

पण घोडं कागदावर खात नाही. आमच्याकडे तोबऱ्यातून, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायच्या पिशवीतून चारायची रीत आहे. भरडलेली जवी (ओट), मूठभर हरभरा, वर मापाची पावडर. घोडी तोंड घालते, नाकातून एक जोराचा फुत्कार सोडते आणि निम्मी पावडर उडून तोबऱ्याच्या कडांना चिकटते. उरलेली दाण्यातून गळून तळाशी बसते. घोडीचे ओठ इतके तल्लख, की जवीचा दाणा न् दाणा ती टिपून घेते आणि पावडर तिथंच सोडते. खाणं झाल्यावर तोबरा उलटा करून पाहा. तळाच्या शिवणीत लाळेनं भिजलेला राखाडी थर सापडतो, बोटानं खरवडावा लागतो. दोन दिवस राहिला तर त्याला आंबूस वास येतो आणि मग घोडी तोबऱ्याकडेच तोंड फिरवते.

यावर उपाय आहेत. गुळाचं पाणी किंवा चमचाभर तेल शिंपडून पावडर दाण्याला धरवता येते. घोडा एकच असेल आणि रोज स्वतः चारत असाल तर जमूनही जातं. पण पहाटे घाईत असलेल्या मोतद्दाराकडून (घोड्यांची देखभाल करणाऱ्या गड्याकडून) ते रोज तसंच होईल, याची खात्री मला कधी वाटली नाही. डब्यावर लिहिलेलं माप आणि पोटात गेलेलं माप यांत किती अंतर पडतंय ते कळत नव्हतं, आणि मला हेच सगळ्यात जास्त खटकलं.

कारण कॅल्शियम अंदाजानं सोडून देण्यासारखं नाही. घोड्याच्या खुराकात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त हवं, साधारण दीडपट ते दुप्पट. आपण हौसेनं घालतो त्या गव्हाच्या कोंड्यात उलट फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-दहा पट असतो. त्यात चारा म्हणून संकरित नेपियर असेल, तर त्यातलं ऑक्झलेट आहे ते कॅल्शियमही बांधून ठेवतं. मग शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं. घोडं लंगडायला लागतं, पुढं चेहऱ्याची हाडंही सुजतात. लसूणघास थोडा थोडा चालू ठेवला तर मोठा आधार होतो, पण तो बारा महिने सगळीकडे कुठं मिळतो?

कांडी घोडी दाण्यासारखी चावून खाते. तोबरा रिकामा होतो, तळाशी काही उरत नाही. पावसाळ्यानंतर नालबंदानंच विचारलं, खुराक बदललात का, म्हणून. पूर्वी खुराच्या कडा ठिसूळ होऊन खिळ्याजवळ टवके उडायचे, ते कमी झाले होते. सगळं श्रेय कांडीचं, असं मी म्हणणार नाही. त्याच सुमारास कोंडाही बराच कमी केला होता. खूर महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, तेव्हा कशाचाही गुण पाहायचा तर सहा-आठ महिने थांबावंच लागतं.

कांडी महाग पडते, हे खरं. मापही मोठं, मध्यम अंगाच्या घोड्याला दिवसाला तीनशे-चारशे ग्रॅमच्या घरात, त्यामुळे पोतं लवकर संपतं. कोकणात किंवा माथेरानसारख्या पावसाच्या ठिकाणी तिला बुरशी धरण्याची भीती आहे. तिथल्या माणसानं पावसाळ्यापुरती पावडर घेतली तर मी वाद घालणार नाही.

गाईम्हशींची किंवा कोंबड्यांची कांडी स्वस्त मिळते म्हणून घोड्याला कधीही घालू नका. त्यांच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं. त्यांना ते पचतं, पण तेवढ्यानंच घोड्याचं हृदय बंद पडू शकतं. आणि पावडर व कांडी दोन्ही एकदम तर नकोच, सेलेनियमचं माप दुप्पट होतं. गरजेचं सेलेनियम आणि विषारी सेलेनियम यांत अंतर फार थोडं असतं. एप्रिल 2009 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात पोलोचे 21 घोडे मेले, ते मिश्रण करताना सेलेनियम जास्त पडलेल्या जीवनसत्त्वांच्या इंजेक्शनानं.

मीठ यातल्या कशातूनच पुरेसं मिळत नाही. चारशे किलोच्या घोड्याला दिवसाला चाळीसेक ग्रॅम वेगळं द्या, घाम गाळणाऱ्याला त्याहून जास्त.

घोडा एक, चारणारे तुम्ही स्वतः आणि हात आखडता, तर पावडर घ्या, पण आठवडाभर रोज तोबऱ्याचा तळ तपासा. तळ स्वच्छ निघाला तर बदलायची गरज नाही. थर दिसला, तर माझ्या मते कांडीचं लहान पोतं आणून पाहावं, आणि जुन्या खुराकात ती थोडी थोडी मिसळत आठ-दहा दिवसांत पूर्ण मापावर यावं.