अंगणात सावलीसाठी: सिल्व्हर मेपल की बर ओक?

अमेरिकेच्या मिडवेस्टात, आयोवा-मिनेसोटाकडे, ही दोन्ही झाडं अस्सल तिथलीच आणि दोन्ही कडाक्याची थंडी सोसणारी. सावलीची घाई असेल तर मेपल. वर्षाला दोन-तीन फूट सहज वाढतं. पण लाकूड ठिसूळ. बर्फाच्या वादळात फांद्या मोडतात आणि वरवरची मुळं फुटपाथ उचलतात. घराला लागून तर नकोच.

बर ओक वर्षाला जेमतेम फूटभर वाढतो. सुरुवातीला सगळा जोर सोटमुळावर. त्याच मुळाच्या बळावर तो पुढे दुष्काळ काढतो. साल इतकी जाड, बुचासारखी, की गवताळ रानातल्या वणव्यांतूनही तो तगून राहिला. आयुष्य २०० वर्षांच्या पुढे. मोठं रोप हलवलेलं त्याला मानवत नाही. लहानच रोप लावा, किंवा झालरीच्या टोपीतलं ताजं फळ पानगळीच्या दिवसांत पुरून वर जाळी ठोका, नाहीतर खारी उकरून नेतात. छाटणी मात्र हिवाळ्यातच: वसंतात ताज्या जखमेवर बसणारे भुंगे ओक विल्टचा रोग पसरवतात.

अंगण मोकळं असेल तर माझं मत ओकलाच. चिंचोळ्या पट्टीत दोन्ही लावू नका.