७२ दातांचं छोटं रॅचेट, काही महिन्यांच्या वापरानंतर: घट्ट बोल्टवर वाघ, सैल बोल्टवर मांजर

"नेहमीच्या वापरातली झीज वॉरंटीत बसत नाही." आधी बिल मागितलं, मग चारी बाजूंनी फोटो, मग व्हिडिओ, मग 'व्हिडिओत आवाज नीट येत नाही, परत पाठवा', आणि हे सगळं साग्रसंगीत करून घेतल्यावर विक्रेत्याने या एका वाक्यात तोंडाला पानं पुसली. सायकलसाठी घेतलेल्या रॅचेटची (दांडा मागे-पुढे करत बोल्ट एकाच दिशेने फिरवणारा पाना) खिटी, म्हणजे दातांत अडकून पकड देणारा तुकडा, आत चिकटून बसलेली, दांडा दोन्हीकडे नुसताच फिरतोय, आणि याला म्हणे झीज! कंपनीचं नाव लिहीत नाही. या आकाराची रॅचेटं आतून बरीचशी सारखीच असतात आणि मला जे सांगायचंय ते घेताना कुठलंही खोकं हातात असलं तरी उपयोगी पडेल.

पाव इंची बिटं (बोल्टच्या डोक्यात बसणारे बदलते तुकडे), तळहातात मावणारा दांडा, सोबत टॉर्क बार (बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारी दांडी), बिटं खोचायचा पाऊच, हे सगळं माहीतच असेल, त्यात वेळ घालवत नाही. माझ्याकडे एल आकाराच्या ॲलन कीचा एक जुना संच आहे आणि सायकलची बहुतेक कामं त्याने होतात. मग ही पदरमोड कशाला? स्टेमच्या, म्हणजे हँडलबार धरून ठेवणाऱ्या भागाच्या, पुढच्या प्लेटमुळे. तिथे चार एम५ (५ मिमी जाडीचे) बोल्ट असतात. एम५ बोल्टच्या दोन आट्यांमधलं अंतर ०.८ मिमी, म्हणजे आत गेलेला १२ मिमी भाग बाहेर काढायला १५ फेरे. अर्ध्या अर्ध्या फेऱ्याला ॲलन की काढा आणि घाला, असं एका बोल्टला ३० वेळा, चारींचे मिळून १२०, आणि बसवताना पुन्हा तेवढंच. बॉल-एंड (गोल टोक) असलेली की सैल बोल्टवर गरगर फिरवता येते हे मान्य, पण समोर दिवा, कंप्युटर, केबल असलं की तिची लांब बाजू कशावर तरी आपटतेच.

आता गंमत बघा. ज्या कामासाठी घेतलं, नेमकं तिथेच हे अडतं. बोल्ट घट्ट असतो तोवर सगळं छान: दांडा मागे घेतला की किर्र होतं, बोल्ट जागचा हलत नाही, पुढे रेटलं की फिरतो. दोन-तीन फेऱ्यांनी बोल्ट मोकळा झाला की आट्यांमधला विरोध रॅचेटच्या आतल्या विरोधापेक्षा कमी होतो. मग दांडा मागे घेताना किर्र होतच नाही, बोल्टच दांड्याबरोबर उलटा येतो. पुढे नेलेलं सगळं मागे. उरलेले बारा फेरे बोटांनी.

बोटांनी म्हणजे कसे, तर रॅचेटच्या डोक्याबाहेर राहिलेला बिटाचा सेंटीमीटरभर तेलकट तुकडा चिमटीत धरून. काही रॅचेटांच्या डोक्याच्या पाठीवर खाचा पाडलेली एक चकती असते, ती अंगठ्याने फिरवली की बिट फिरतं आणि प्रश्न मिटतो. माझ्यात ती नाही. पाठ गुळगुळीत आणि तिच्यावर कंपनीचं नाव कोरलेलं. नाव कोरायला जागा होती, चकतीला नव्हती.

ही मागे येणारी ओढ मी हे घेताना बघितलेल्या एकाही खोक्यावर लिहिलेली नव्हती. खोक्यावर असते दातांची संख्या, तीही ठळक. ७२ दात म्हणजे दर पाच अंशांना एक टिक. माझा दांडा ९ सेंमीचा, म्हणजे त्याचं टोक जेमतेम ८ मिमी सरकलं की पुढचा दात लागतो. ३६ दात असते तर १६ मिमी सरकवावं लागलं असतं. हा फरक कामाचा आहे, नाही असं नाही. दोन बोल्टच्या सीटपोस्टचा (सीट जिच्यावर बसते ती नळी) पुढचा बोल्ट घ्या: डोकं खाली, लगेच मागे सीटपोस्ट. ॲलन की जरा फिरवली की सीटपोस्टवर ठक्कन आपटते आणि रंग जातो. तिथे हे रॅचेट बोटभर जागेत टिकटिक करत काम उरकतं, आणि सीटचं नाक खाली-वर करायला एक बोल्ट सैल, दुसरा घट्ट हा खेळ वैताग न येता खेळता येतो. पण त्याच आकाराच्या डोक्यात दात वाढवले की प्रत्येक दात बारीक होतो, हेही लक्षात असू द्या. ६० आणि ७२ मधला फरक एका अंशाचा आहे. त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत, मी मोजले तरी.

सगळ्यात खूश झालो ते डिस्क ब्रेकच्या रोटरवर, म्हणजे चाकाला लावलेल्या ब्रेकच्या चकतीवर. सहा टी२५ (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे) बोल्ट, आट्यांना निळं थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद. ते शेवटच्या आट्यापर्यंत चिवटपणा सोडत नाही, त्यामुळे रॅचेट पहिल्या फेऱ्यापासून शेवटच्यापर्यंत किरकिरत नीट चालतं. उलट बाटलीच्या केजचे बोल्ट. त्यांना शहाण्या माणसासारखं ग्रीस लावून ठेवलेलं, म्हणून तिथे पहिल्याच फेऱ्यात याचं मागे-पुढे सुरू. सायकल जितकी निगुतीने ठेवाल तितकं हे हत्यार निकामी! एवढ्यावर मी तीन तारे देऊन मोकळा होणार होतो.

मग ते बिघडलं. मागच्या चाकाचं पाणी सीटखालच्या पिशवीवर सतत उडत असतं आणि तिच्यातल्या पाऊचचं कापड ते आनंदाने पितं. आधी एखादी टिक चुकायची, मग दांड्याला हिसका दिल्याशिवाय पकड येईना, आणि एक दिवस दोन्ही दिशांना मोकळं. वॉरंटीचा निकाल वर सांगितलाच. त्यानंतर गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून डोकं उघडलं.

पाठीवरच्या खाचेत एक सर्क्लिप, म्हणजे आतले भाग जागेवर धरणारी स्प्रिंगसारखी कडी, असते. ती बारीक स्क्रूड्रायव्हरने उचकटताना वर बोट दाबून धरा, नाहीतर ती कुठे उडेल सांगता येत नाही. आत बघितलं तर भाग मोजकेच: दातेरी चाक, दोन्ही टोकांनी अडणारी एक खिटी, तिला रेटणारी इवलीशी स्प्रिंग, आणि या सगळ्यावर थापलेलं पिवळट, घट्ट ग्रीस. त्यात धूळ मुरून त्याचा लगदा झालेला. खिटी मधोमध रुतली होती, तिला एका बाजूला ढकलण्याइतका जोर त्या स्प्रिंगमध्ये कुठून येणार? मागच्या फ्रीहबमध्येही (पेडल थांबवलं तरी चाक फिरू देणारा भाग) खिट्याच असतात. तिथे जाड ग्रीस भरलं की त्या चिकटतात आणि पेडल मारलं तरी चाक हलत नाही. सायकल उघडणाऱ्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही. सायकलची हत्यारं बनवणाऱ्यांना बहुतेक लागतं.

रॉकेल, जुना टूथब्रश, फडकं. सगळं कोरडं केलं, पातळ तेलाचे दोन थेंब सोडले, सर्क्लिप बसवली. आवाजच बदलला. आधी घशात खाकरल्यासारखं करायचं, आता स्वच्छ टिक-टिक.

आणि इथे वरचं थोडं बदलावं लागतंय. मागची ओढ बरीच कमी झाली. केजचा ग्रीस लावलेला बोल्ट, जो आधी पहिल्या फेऱ्यात शरण जायचा, तो आता निम्म्याहून जास्त अंतर रॅचेटनेच फिरतो. म्हणजे ओढ होती ती मुख्यतः त्या ग्रीसची, स्प्रिंगचा वाटा थोडा. कारखान्यातच पातळ तेल घातलं असतं तर ना खिटी अडकली असती, ना व्हिडिओत आवाज येतो की नाही यावर पत्रव्यवहार झाला असता. पातळ तेल टिकत नाही, भिजल्यानंतर पुन्हा थेंब सोडावा लागतो, पण तेवढं चालतं. शेवटचे काही फेरे मात्र अजूनही चिमटीतच. चकती हवीच होती.

टॉर्क बारबद्दलही मत फिरलं, ते वेगळ्या वाटेने. सुरुवातीला मला ते खेळणं वाटायचं, वजन नको म्हणून घरीच पडलेलं असायचं. रॅचेट आणि बिट यांच्यामध्ये लावायची दांडी, तिच्यावर २, ४, ६ न्यूटन-मीटरच्या (पिळाचा जोर मोजायचं एकक) रेघा. जोर दिला की आतली काडी पिळली जाते आणि काटा रेघेकडे सरकतो. क्लिक नाही, आवाज नाही. एकदा सहज स्टेमच्या प्लेटवर लावून पाहिलं. चारही बोल्ट हाताच्या अंदाजाने 'सारखे' आवळलेले. एकावर काटा ६ पर्यंत गेला तरी बोल्ट ढिम्म. त्याच्या तिरक्या समोरचा मात्र ४ ची रेघ यायच्या आत फिरायला लागला. प्लेटवर ५ न्यूटन-मीटर लिहिलेलं, आणि वरची फट खालच्या फटीपेक्षा कमी, जी मला इतके दिवस दिसलीच नव्हती. चारही सैल करून, फुलीच्या क्रमाने थोडं थोडं आवळत काटा ४ आणि ६ च्या मध्ये आणला, फटी सारख्या झाल्या.

आखूड दांड्याचा एक फायदा मला इथे पटला. ५ न्यूटन-मीटरसाठी ९ सेंमीच्या टोकावर साडेपाच किलोची ओढ लागते, बोटांना ती नीट जाणवते. २० सेंमीच्या पान्यावर तेवढंच काम अडीच किलोत होतं, मनगटाला पत्ताही लागत नाही, आणि मग एम५ बोल्टचं डोकं तुटून हातात येतं. कार्बनचा हँडलबार किंवा सीटपोस्ट असेल तर बोल्टवरच भागलं म्हणायचं.

पण बारचा खरा उपयोग कंपनीने कुठेच छापलेला नाही. त्याचं अंग गोल, जाडसर आणि खरखरीत आहे. बोल्ट सैल झाला की रॅचेट काढून टाकायचं, बार बिटासकट बोटांमध्ये धरायचा आणि स्क्रूड्रायव्हरसारखा भराभर फिरवायचा. जी चकती दिली नाही तिचं काम हा करतो! हे कळल्यापासून बार पाऊचमध्येच असतो आणि वजनाबद्दल मी गप्प आहे.

जिथे जोर लागतो तिथे मात्र याचा नाद करू नये. सेटमध्ये ८ मिमीचं बिट दिलंय, पेडलसाठी असणार, दुसरं काय? पेडलला ३५ न्यूटन-मीटर तरी लागतात. ९ सेंमीच्या दांड्यावर म्हणजे ४० किलो. तेवढं वजन त्या टोकावर टाकायचं तर उभं राहावं लागेल, आणि तेही त्या टाचणीएवढ्या खिटीच्या भरवशावर. शिमानो कंपनीच्या डाव्या क्रँकचे (पेडल ज्याला लावतात तो दांडा) दोन बोल्ट १२ ते १४ न्यूटन-मीटरचे. तिथवर हात पोचतो, पण तळव्यात वळ उठतो आणि बारच्या रेघा ६ लाच संपतात. ही कामं घरी, लांब पान्याने. ८ चं बिट मी काढून टाकलं.

बिटांचं एकच सांगतो. खरं काम ४ मिमी, ५ मिमी आणि टी२५ चं असतं, कधीमधी २.५ आणि ३. बाकीची पाऊच भरायला. सोबत आलेल्या ४ च्या कडा लवकर गोल झाल्या, आणि गोल झालेलं बिट बोल्टचं डोकंही खातं, म्हणून लगेच फेकलं. सुदैवाने हे पाव इंची, ६.३५ मिमीचं माप सगळीकडे तेच. हार्डवेअरच्या दुकानातलं चांगल्या पोलादाचं ४ आणि ५ घेतलं, कंपनीच्या बदली बिटांच्या नादी लागलो नाही. २५ मिमीऐवजी एखादं ५० मिमी लांबीचं घ्या, खोल बोल्टांना डोकं आडवं येत नाही. बिट धरून ठेवणारं रॅचेटमधलं चुंबक कमकुवत असेल तर बिट बोल्टमध्येच राहतं आणि रिकामं रॅचेट हातात येतं, लांब बिटाला हे जास्त होतं. गवतात बसून बिट शोधायची हौस असेल तर गोष्ट वेगळी. आणि पाऊचला आतून एक प्लॅस्टिकची पिशवी द्या, गंज तिथूनच येतो.

दिशा बदलायची कळ माझ्यात पाठीवर आहे. हातमोज्याने ती नकळत सरकते आणि आवळतोय असं वाटत असताना बोल्ट सैल होत जातो. कळ नसलेली, बिट दुसऱ्या बाजूने घालून दिशा बदलायची रॅचेटंही मिळतात. पुन्हा घ्यायचं झालं तर मी तसलं घेईन, कळ कमी म्हणजे पाणी शिरायला एक भोक कमी.

घेण्याआधी दुकानात एवढं करा: बिट लावा, दोन बोटांत अगदी ढिलं धरा आणि दांडा मागे फिरवा. बोटांतलं बिट स्थिर राहून टिक-टिक आली तर दात ६० असोत की ७२, घ्या. बिट दांड्याबरोबर फिरलं तर परत ठेवा. पॅकिंग उघडू देत नसतील तर निदान डोक्याच्या पाठीवर खाचांची चकती आहे का, हे खोक्यावरच्या फोटोतही दिसतं.