अनेक अटींची बेरीज: समइफ्स एक्सेल, गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिसमध्ये कसं वागतं

हार्डवेअरच्या दुकानाचा साधा विक्रीतक्ता घ्या. ए कॉलममध्ये तारीख, बी मध्ये शाखा, सी मध्ये माल, डी मध्ये रोख की उधार, ई मध्ये रक्कम. मालक विचारतो, ‘नाशिक रोड शाखेची एप्रिलमधली सिमेंटची उधारी किती?’ एका वाक्यात चार अटी आल्या. फिल्टर लावून खालची बेरीज वाचता येते, पण पुढच्या महिन्यात पुन्हा तेच करावं लागतं, आणि तीन शाखा नि वीस माल असले की हे काम माणसाचं राहत नाही. त्यासाठी समइफ्स आहे. स्पेलिंग एस-यू-एम-आय-एफ-एस. खालचे फॉर्म्युले देवनागरीत दिले असले तरी शीटमध्ये फंक्शनचं नाव, सेलचे पत्ते आणि आकडे नेहमीच्या रोमन लिपीतच टाइप करायचे.

एक्सेलमध्ये हे फंक्शन २००७ च्या आवृत्तीत आलं, लिब्रेऑफिसमध्ये ४.० पासून आहे, आणि गूगलने डिसेंबर २०१३ मध्ये शीट्स नव्याने आणलं तेव्हा तिथेही आलं. रचना तिन्हीकडे एकच:

=समइफ्स(ई२:ई५००, बी२:बी५००, "नाशिक रोड", डी२:डी५००, "उधार")

पहिली रेंज (म्हणजे सेलचा पट्टा) बेरजेची, त्यानंतर अटीची रेंज आणि अट अशा जोड्या. एक्सेल अशा १२७ जोड्या घेतं. पाच-सहाच्या पुढे गरज पडत असेल तर दोष फंक्शनचा नाही, तक्त्याच्या मांडणीचा आहे.

एकच अट घेणारं जुनं समइफ वापरणाऱ्यांची पहिली ठेच क्रमावर लागते. समइफमध्ये बेरजेची रेंज शेवटी येते, समइफ्समध्ये सुरुवातीला. त्यामुळे एकच अट असली तरी समइफ्सच लिहावं. उद्या दुसरी अट वाढली तर फॉर्म्युला मोडून पुन्हा बांधावा लागत नाही. शिवाय समइफ रेंजच्या आकाराबाबत फार ढिलं आहे. बेरजेची रेंज छोटी दिली तर स्वतःच ताणून घेतं आणि चकार शब्द काढत नाही. समइफ्स तिथे एरर देतं: एक्सेल आणि शीट्समध्ये #व्हॅल्यू!, लिब्रेऑफिसमध्ये ५०२. पण तपासलं जातं ते फक्त आकारमान. बी२:बी५०० समोर ई३:ई५०१ दिली तर आकार जुळतो, एरर येत नाही, आणि प्रत्येक रक्कम वरच्या ओळीच्या शाखेला चिकटते. आकडा दिसायला अगदी खरा वाटतो. म्हणूनच सेलच्या पत्त्यात डॉलरचं चिन्ह लावून रेंज पक्की करायची, म्हणजे फॉर्म्युला कॉपी केला तरी ती सरकत नाही, किंवा एक्सेलमध्ये कंट्रोल-टी दाबून टेबल करून घ्यायचा. मग कॉलमच्या नावानेच फॉर्म्युला लिहिता येतो आणि नवी ओळ आपोआप आत येते. शीट्समध्ये अशी टेबल्स २०२४ पासून आहेत. त्याआधीचा उपाय म्हणजे ई२:ई अशी शेवट मोकळा सोडलेली रेंज, आणि तो अजूनही चालतो.

आता तारखा. बहुतेक तक्रारी इथूनच निघतात. महिन्याची अट लावायला लोक मंथ(ए२:ए५००) हे अटीच्या रेंजच्या जागी घालायला जातात. एक्सेल तो फॉर्म्युला स्वीकारतच नाही, कारण तिथे खरी रेंज लागते, हिशोबातून निघालेली यादी चालत नाही. योग्य पद्धत अशी: एच१ मध्ये महिन्याची पहिली तारीख ठेवा आणि

=समइफ्स(ई२:ई५००, ए२:ए५००, ">="&एच१, ए२:ए५००, "<"&एडेट(एच१,१))

एडेट(एच१,१) म्हणजे एच१ नंतर एक महिन्याची तारीख. मोठं-लहानचं चिन्ह अवतरणात, सेलचा पत्ता बाहेर, मध्ये ‘अँड’चं चिन्ह. ">=एच१" असं सगळंच अवतरणात कोंबलं तर फंक्शन ‘एच१’ हा मजकूर शोधत बसतं. शेवटची तारीख ‘त्या तारखेपर्यंत’ अशी न देता ‘पुढच्या महिन्याच्या एक तारखेच्या आत’ अशी द्यावी, यालाही कारण आहे. बिलिंग सॉफ्टवेअरमधून काढलेल्या डेटात तारखेला वेळही चिकटलेली असते. ३० एप्रिल संध्याकाळी ६:४० ची नोंद नुसत्या ३० एप्रिलपेक्षा मोठी ठरते, कारण नुसती तारीख म्हणजे मध्यरात्री बाराचा ठोका. "<="&इओमंथ(एच१,०), म्हणजे महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत, असं लिहिणाऱ्यांची शेवटच्या दिवसाची जवळजवळ सगळी विक्री गळते.

संगणकाची सेटिंग अमेरिकन असेल तर आणखी वेगळीच मजा. ०५/०४/२०२५ ही तारीख ४ मे होऊन बसते आणि १५/०४/२०२५ ही तारीख राहतच नाही, नुसता मजकूर होतो. म्हणजे निम्मा महिना चुकीच्या महिन्यात आणि निम्मा बेपत्ता. ओळखायची खूण सोपी: खरी तारीख सेलमध्ये उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. शीट्समध्ये फाइल मेन्यूतल्या सेटिंग्जमध्ये लोकेल (देशाची सेटिंग) भारत करून घ्या, पण डेटा टाकायच्या आधी. एक्सेलमध्ये मजकूर झालेल्या तारखा दुरुस्त करायला टेक्स्ट टू कॉलम्स उघडून तिसऱ्या पायरीवर डेट, आणि क्रम दिवस-महिना-वर्ष निवडायचा. ज्या तारखा आधीच उलट्या होऊन बसल्यात त्या मात्र यानेही सुधारत नाहीत. त्यासाठी मूळ फाइल पुन्हा आणावी लागते.

या फंक्शनवरचा आमचा मुख्य आक्षेप एकच: ते चुकलं तरी बोलत नाही. अट जुळली नाही तर शून्य, आणि रक्कम मजकूर असेल तर ती ओळ सोडून दिली, बस. आपल्याकडची ‘१२००/-’ लिहायची सवय इथे चांगलीच महागात पडते. ती सेल मजकूर ठरते आणि बेरजेतून गायब होते. एक्सेल किंवा शीट्समध्ये कंट्रोल-एच दाबून ‘/-’ च्या जागी काहीच नाही असं बदलून घेतलं की आकडे परत आकडे होतात, फक्त कॉलमचा फॉरमॅट टेक्स्ट नसावा. किती रकमा मजकूर होऊन बसल्या आहेत ते =काउंटए(ई२:ई५००)-काउंट(ई२:ई५००) सांगतं. शून्याव्यतिरिक्त काहीही आलं तर आधी ते निस्तरा. नुसती सम(ई२:ई५००) घेऊन शाखावार बेरजांशी ताडणं इथे पुरत नाही, कारण सम देखील मजकूर सोडूनच देतं. दोन्ही बाजू सारख्याच चुकतात आणि हिशोब जुळल्याचं समाधान तेवढं मिळतं.

शाखावार ताळा मात्र दुसऱ्या चुकांसाठी हवाच. सगळ्या शाखांच्या बेरजा एकत्र करून एकूण बेरजेतून वजा करा. फरक आला तर कुठेतरी ‘नाशिक रोड’ नंतर एक जागा सुटली आहे, किंवा कोणी ‘नाशिकरोड’ जोडून लिहिलं आहे. ट्रिम साध्या मोकळ्या जागा काढतं, पण वेबसाइटवरून कॉपी केलेल्या मजकुरातली न तुटणारी जागा काढत नाही. ती सबस्टिट्यूट(बी२, युनिचार(१६०), " ") ने बदलावी लागते. मराठी डेटात आणखी एक भानगड आहे. ‘ॲप’ मधलं पहिलं अक्षर काही कीबोर्ड एका कोडने लिहितात, तर काही ‘अ’ वर चंद्र देऊन दोन कोडने. डोळ्यांना दोन्ही सारखेच. अक्षरांचे कोड मोजणारं लेन लावलं की एकाचं उत्तर २ आणि दुसऱ्याचं ३. ‘ॲसिड’, ‘ॲंगल’ अशा मालाच्या नावांत हे सर्रास होतं. उपाय म्हणजे नावं हाताने टाइप करूच द्यायची नाहीत, डेटा व्हॅलिडेशनचा ड्रॉपडाउन लावायचा.

मालाच्या नावातल्या चिन्हांकडेही लक्ष हवं. अटीत * म्हणजे कितीही अक्षरं आणि ? म्हणजे एक अक्षर. "सिमेंट*" दिलं की सिमेंटने सुरू होणारं सगळं येतं. सोय चांगली, पण ताडपत्री ‘१०*२०’ अशी लिहिली असेल तर तीच अट ‘१० बाय २०’ आणि ‘१०*१५*२०’ यांनाही ओढून आणते. तिथे नाव एच२ मध्ये ठेवून सबस्टिट्यूट(एच२,"*","~*") करून अट द्यायची, आधी ~ असलं की * साधं चिन्ह ठरतं. नाव ‘>’ किंवा ‘<’ ने सुरू होत असेल तर "="&एच२. खाते क्रमांकाची अट असेल तर जास्तच सावध राहा: एक्सेल अटीतल्या आकड्यांसारख्या मजकुराला आकडाच समजतं आणि पहिले १५ अंकच धरतं. सोळा अंकी दोन क्रमांकांत फक्त शेवटचा अंक वेगळा असेल तर दोन्ही खाती एक होतात, सेल टेक्स्ट केली असली तरी.

अटीची सेल रिकामी ठेवली की ‘सगळं’ येईल, असं अनेकांना वाटतं. एक्सेल आणि लिब्रेऑफिस रिकाम्या सेलला शून्य मानतात, म्हणून उत्तरही बहुधा शून्यच. इफ(एच२="","*",एच२) हा जुगाड मजकुराच्या कॉलमवर चालतो. आकडे, तारखा आणि रिकाम्या ओळी मात्र त्यात येत नाहीत.

‘पंचवटी किंवा सातपूर’ ही अट समइफ्सला थेट कळत नाही. एकाच कॉलमच्या दोन जोड्या दिल्या तर ती ‘आणि’ समजते, आणि एक बिल एकाच वेळी दोन शाखांचं नसतं, म्हणून शून्य. दोन शाखा वगळायच्या असतील तर तेच वागणं कामाचं: "<>पंचवटी" आणि "<>सातपूर" या दोन जोड्या बरोबर चालतात. ‘किंवा’साठी शाखांची नावं जे१:जे२ मध्ये लिहून

=समप्रॉडक्ट(समइफ्स(ई२:ई५००, बी२:बी५००, जे१:जे२))

आतलं समइफ्स प्रत्येक शाखेची बेरीज काढतं आणि समप्रॉडक्ट त्या एकत्र करतं. तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये हे जसंच्या तसं चालतं. महिरपी कंसातली यादी एक्सेलमध्ये सुटसुटीत आहे, पण शीट्समध्ये तिला बाहेरून अॅरेफॉर्म्युला हे फंक्शन गुंडाळावं लागतं. यादीत एकच शाखा दोनदा आली तर ती दोनदा मोजली जाते, हे विसरू नका.

पर्यायांत समप्रॉडक्ट सर्वात दणकट, ते ओळीओळीने गुणाकार करून बेरीज घेतं. (बी२:बी५००="नाशिक रोड")*(मंथ(ए२:ए५००)=४)*ई२:ई५०० असं काहीही गुणता येतं, आणि दुसरी फाइल बंद असतानाही ते चालतं. समइफ्स बंद फाइलकडे बघून #व्हॅल्यू! देतं, निदान तिथे तरी बोलतं. मात्र समप्रॉडक्टला पूर्ण कॉलम देऊ नका, १०,४८,५७६ ओळी तो खरोखर गुणत बसतो. रकमेत एक #एन/ए आला की सगळं उत्तर गेलं. समइफ्स मात्र जुळलेल्या ओळीत एरर असेल तरच अडतं. फिल्टर फंक्शनने आधी ओळी काढून मग सम करणं वाचायला सर्वात सोपं. एक्सेल २०२१ आणि ३६५, शीट्स, तसंच लिब्रेऑफिस २४.८ पासून ते आहे. एकही ओळ जुळली नाही तर एक्सेलमध्ये #कॅल्क! येतं, म्हणून तिसऱ्या जागी शून्य द्यायचं. शीट्समध्ये #एन/ए येतं, तिथे इफएररने शून्य द्यायचं.

डीसम (अटी वेगळ्या छोट्या तक्त्यात लिहून बेरीज करणारं जुनं फंक्शन) वापरणारे जुने लेखनिक अजून भेटतात आणि ‘किंवा’च्या अटी त्यात खरंच छान मांडता येतात: एका ओळीत ‘आणि’, खालच्या ओळीत ‘किंवा’. पण एक्सेलमध्ये ‘सिमेंट’ ही अट ‘सिमेंट पत्रा’लाही लागू होते. नेमकं हवं असेल तर सेलमध्ये ="=सिमेंट" लिहावं लागतं.

तिघांपैकी कोणतं घ्यावं? डेटा लाखभर ओळींचा असेल आणि शेकडो समइफ्स असतील तर एक्सेल ३६५. नव्या आवृत्त्या आतल्या आत अनुक्रमणिका करून ठेवतात आणि वेग जाणवतो. तीन शाखांतून तिघे एकाच वेळी नोंद करणार असतील तर शीट्स. फक्त दुसऱ्या फाइलमधला डेटा आणणारं इंपोर्टरेंज थेट समइफ्समध्ये घालू नका, ‘आर्ग्युमेंट रेंज असायला हवं’ अशी एरर येते. आधी वेगळ्या टॅबमध्ये आणून मग बेरीज करायची. शीट्सचं क्वेरी फंक्शन ताकदीचं आहे, पण ज्या कॉलममध्ये आकडे नि मजकूर मिसळलेले असतात तिथे बहुमत बघून उरलेल्यांना रिकामं धरतं, म्हणजे पुन्हा तीच मुकी चूक.

लिब्रेऑफिस फुकट आहे आणि एका दुकानाला पुरून उरतं. त्याच्या टूल्स, ऑप्शन्स, कॅल्क, कॅल्क्युलेट या पानावरच्या दोन सेटिंग्ज मात्र आधी बघा. एक म्हणजे अट पूर्ण सेलला लागू व्हावी ही. ती बंद असेल तर ‘सिमेंट’ मागितल्यावर ‘सिमेंट पत्रा’ आणि ‘पांढरं सिमेंट’ दोन्ही बेरजेत येतात. दुसरी, वाइल्डकार्ड (वरची * आणि ? ची पद्धत) की रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुन्याने शोधायची वेगळी पद्धत). रेग्युलर एक्स्प्रेशन चालू असेल तर टिंबाचा अर्थ ‘कुठलंही एक अक्षर’ होतो आणि ‘२.५ इंची पाइप’ मागितला की ‘२x५ इंची पाइप’ही सोबत येतो. दोन्ही सेटिंग्ज फाइलसोबत जातात, त्यामुळे दुसऱ्याने पाठवलेल्या फाइलमध्ये त्या वेगळ्या असू शकतात. आणि फाइल जुन्या .एक्सएलएस स्वरूपात मागणारा कोणी असेल, तर एक्सेल २००३ मध्ये ती उघडून पुन्हा हिशोब झाला की समइफ्सच्या जागी #नेम? दिसेल, अशांना आकडे व्हॅल्यू म्हणून पेस्ट करूनच पाठवा.