गळका हीटर काढून टाकावा की दुरुस्त करावा? जुन्या अॅम्बेसेडरमधला माझा अनुभव

जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास दुरुस्त करून बसवलेल्या हीटरने अख्खा उन्हाळा काढला, आता सप्टेंबरचा पाऊसही सुरू आहे. एक थेंब गळलेला नाही. गाडी १९७२ ची अॅम्बेसेडर मार्क टू, इंजिन मूळचंच, १४८९ सीसी पेट्रोल. पहिल्या मालकाने ती दिल्लीत घेतली होती, म्हणून डॅशबोर्डखाली हीटरची पेटी आहे.

गळती सुरू झाली तेव्हा ज्याला विचारावं त्याचं उत्तर ठरलेलं. "मालक, सोलापुरात हीटर कशाला? दोन्ही पाईप एकमेकांना जोडून देतो, विषय संपला." उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसला टेकणाऱ्या गावात हे कुणालाही पटेल. पण हीटर म्हणजे इंजिनाच्या गरम पाण्यावर चालणारा दुसरा, छोटा रेडिएटर, इंजिनाची उष्णता बाहेर काढणारा. मी तो ठेवला तो याच कारणासाठी. थंडीचा प्रश्न नव्हताच.

निदानात घाई करू नका, हे सगळ्यात आधी सांगतो. डाव्या सीटपुढची मॅट ओली दिसली की कोअर, म्हणजे हीटरमधला गरम पाण्याच्या नळ्यांचा गाभा, फुटला असं धरून लोक डॅशबोर्ड खोलायला बसतात. या गाड्यांत तिथे पाणी यायला बाकीही वाटा असतात. पुढच्या काचेचं कडक झालेलं रबर ही नेहमीची. पावसाचं पाणी बोटांना साधं लागतं आणि वाळून जातं. कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं रसायन, बुळबुळीत लागतो, वाळता वाळत नाही, गोडसर वास येतो, आणि काचेवर आतून असा तेलकट थर धरतो की फडका मारला तरी नुसता पसरतो. माझ्याकडे ही सगळी लक्षणं होती. रेडिएटरची पातळी उतरत होती आणि गाडीखालची फरशी मात्र कोरडी.

तरीही गळती नेमकी हीटरच्या नळातून, होज पाईपमधून, क्लिपपाशी की कोअरमधून, हे कळायचं बाकी होतं. त्यासाठी रेडिएटरच्या तोंडावर बसणारा हातपंप वापरला. इंजिन पूर्ण थंड हवं. गरम असताना रबर फुगून बसतं, बारीक गळती दबते, आणि पडलेला थेंब तापलेल्या लोखंडावर लगेच उडून जातो. माझ्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण सात पौंड दाबाचं (दर चौरस इंचाला) आहे, तेवढाच दाब भरला. पंपावरचा काटा हळूहळू खाली येऊ लागला. मग हीटरला जाणारे दोन्ही होज कापड गुंडाळून पकडीने आवळले आणि पुन्हा दाब भरला. काटा जागचा हलला नाही. म्हणजे रेडिएटर, वॉटर पंप, इंजिनाचं हेड सगळं ठीक, दोष हीटरच्याच बाजूला. शेवटी पकडी काढल्या, पाईपचे जोड पुसून कोरडे केले, पेटीखाली पांढरा टेरी टॉवेल अंथरला आणि परत दाब दिला. हिरवा डाग पेटीच्या बरोबर मध्यावर पडला. जोडांखालचा टॉवेल कोरडा. कोअरच गेला होता.

पेटी खाली उतरवणं कंटाळवाणं आहे, अवघड नाही. बॅटरी सोडा, पाणी काढा, दोन होज, ब्लोअरच्या वायरी, केबल, मग स्क्रू.

खरं कौशल्य रेडिएटरवाल्या चाचांचं. त्यांनी कोअरचं एक तोंड बुचाने बंद केलं, दुसऱ्यातून दहा पौंडांच्या आसपास हवा दिली आणि तो पाण्याच्या टाकीत बुडवला. वरच्या पितळी टाकीला तांब्याच्या नळ्या जिथे जोडलेल्या असतात, तिथल्या डाखातून, म्हणजे वितळवून लावलेल्या कथलाच्या जोडातून, बुडबुडे येत होते. टाकी उघडली तर आत पिवळा गाळ. पूर्वी कुणीतरी गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकलेली. ट्रकवाल्यांचा हा जुना उपाय आडरानात गाडी घरी आणून सोडतो, पण हीटरच्या नळ्या रेडिएटरपेक्षा बारीक, त्या आधी तुंबतात. चाचांनी नळ्या एकेक साफ केल्या, जोड घासून नव्याने कथील-शिशाचा डाख दिला. गॅसवर पितळेने झाळायला ते तयारच झाले नाहीत. पितळेला नऊशे अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि शेजारचे जुने डाख दोनशे-अडीचशेलाच वितळतात. एक भोक बुजवताना चार नवी पडतात. हे न सांगता समजणारा कारागीर मिळाला तर त्याला सोडू नका. कोअरभोवतीचा कुजलेला फोमही नवा लावला, नाहीतर हवा कोअरमधून न जाता बाजूने निसटते. अर्ध्या इंची होज आणि स्क्रूच्या क्लिपा नव्या घेतल्या. सगळं मिळून खर्च दोन हजारांच्या आत.

आता पाणी. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, बादलीला पांढरी पुटं धरणारं. ते इंजिनात कधीच घालू नये, आणि नळाचं उजनीचं पाणीही नको. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी दोन भाग आणि हिरवा कूलंट एक भाग, एवढं मी घालतो. इथे पाणी गोठायची भीती नाही. कूलंट हवा तो गंज रोखण्यासाठी, म्हणून जास्त घालायची गरज नाही. भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा आणि हीटरचा नळ उघडा ठेवा, नाहीतर वर हवा अडकते. काढलेला जुना कूलंट गटारात ओतू नका. तो विषारी आहे आणि गोड असल्यामुळे कुत्री चाटतात.

उन्हाळ्याबद्दल सांगायचं तर एप्रिलमध्ये भर दुपारी चौघांना घेऊन तुळजापूरच्या घाटात इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकू लागला. काचा खाली केल्या, हीटर पूर्ण उघडला, ब्लोअर लावला. आत भट्टी झाली, मागच्या सीटवरून तक्रारीही आल्या, पण काटा थांबला आणि वर पोचेपर्यंत थोडा उतरला. न थांबता देवीच्या दारात. गाळाने भरलेल्या रेडिएटरला मात्र हा पर्याय नाही. तो आधी साफ हवा.

पावसात फायदा आणखी वेगळा. काचेवर आतून दव धरलं की पूर्वी एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने फडका. आता गरम हवा काचेवर सोडली की मिनिटा-दोन मिनिटांत समोर स्वच्छ. होटगी रोडला रात्रीच्या पावसात समोरून ट्रक येत असताना याची किंमत कळते.

तक्रार एकच. हेडवरचा हीटरचा नळ पूर्ण बंद होत नाही. मे महिन्यात बंद करूनही पायांना धग लागत होती. आतला वॉशर झिजलाय. पुढच्या उन्हाळ्याआधी तो बदलून घेणार. शिवाय नळ महिनोन्महिने एकाच जागी ठेवला की जाम होतो, म्हणून भर उन्हाळ्यातही मी तो आठवड्यातून एकदा उघडून पाणी फिरवून घेतो. नव्या क्लिपा पहिल्या काही दिवसांच्या ताप-थंडीनंतर थोड्या ढिल्या होतात. त्या इंजिन थंड असताना अर्धा आटा आवळून घ्या.