कागदपत्रे चोख, कमाईचा हिशेब मात्र कच्चा

छत्रपती संभाजीनगरातील ज्या सल्ला केंद्रामार्फत माझी मुलगी जर्मनीला एम.एस.साठी गेली, त्याच्या सेवेविषयी लातूर-नांदेडकडच्या पालकांसाठी हे लिहीत आहे. कागदपत्रांचे काम त्यांनी खरोखर चोख केले; गुणपत्रिका आणि पासपोर्ट यांवरील नावातला एका अक्षराचा फरक तिथल्या मॅडमनी अर्ज पाठवण्याआधीच पकडला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

तक्रार आहे ती खर्चाच्या हिशेबाची. माहितीपत्रकाच्या पाठीमागे निळ्या पेनाने आकडे मांडून, "काका, पार्ट-टाइम कामातून राहण्याखाण्याचा सगळा खर्च निघतो," असे आम्हाला सांगण्यात आले, आणि सोयाबीनच्या भरवशावर कर्ज काढणाऱ्या माणसाला असा कागद फार मोठा आधार वाटतो. प्रत्यक्षात, विद्यापीठातील सहायकाचे काम वगळता, तिथे परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवसच काम करता येते. शिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२, आधीच दाखवावे लागले. पुढे कमाई होईल या आशेवर त्यात सूट मिळत नाही.

पहिले तीन महिने मुलीला काम मिळालेच नाही, कारण दुकानात जर्मन बोलावे लागते आणि तिची ए-१, म्हणजे भाषेची अगदी सुरुवातीची पातळी, तिथे अपुरी पडली. आता ती शनिवार-रविवारी पहाटे पाचला बेकरीत उभी असते. व्हिडिओ कॉलवर तिच्या बाहीवरचे पीठ दिसते. जाण्याआधी हाताशी आठ महिने असतानाही, बी-१, म्हणजे मध्यम पातळीपर्यंतचा जर्मन भाषावर्ग इथेच पूर्ण करा, असे या केंद्राने एकदाही सुचवले नाही, हेच मला सर्वांत जास्त लागले.